उमरावपुत्रांचे शिक्षण आणि रशियन कादंबरीचा नायक

१. विषयप्रवेश

एकोणिसाव्या शतकातील रशियन कथासाहित्य वाचताना एक विशेष वारंवार जाणवतो. नायकाला वाचकापुढे उभे करताना लेखक त्याचे रूप, कुळ आणि मालमत्ता यांचा उल्लेख करतोच. परंतु त्याला लहानपणी कोणी शिकविले, कोणत्या भाषेत शिकविले आणि काय शिकविले, हेही तो आवर्जून सांगतो. पुश्किनचा येवगेनी ओनेगिन फ्रेंच शिक्षकाच्या सौम्य देखरेखीखाली वाढतो. ‘कॅप्टनची मुलगी’ (१८३६) या कादंबरीतील ग्रिन्योव्हसाठी मॉस्कोहून जो फ्रेंच गृहस्थ मागविला जातो, तो मायदेशी केशकर्तनाचा धंदा करीत असे. वर्षभराच्या मद्याच्या आणि ऑलिव्ह तेलाच्या बेगमीबरोबरच तो खेड्यातील वाड्यावर येऊन पोहोचतो. गोंचारोव्हच्या ‘ओब्लोमोव्ह’ (१८५९) या कादंबरीत बालनायकाला शाळेत न पाठविण्यासाठी आईवडिलांना कोणतेही निमित्त पुरते. तुर्गेनेव्हच्या ‘उमरावांचे घरटे’ (१८५९) या कादंबरीत तर लाव्रेत्स्की घराण्यातील पितापुत्रांच्या शिक्षणाची कहाणी सविस्तर सांगितल्याशिवाय कथा पुढे सरकत नाही.

या सर्व नायकांना समीक्षेने ‘निरुपयोगी माणूस’ या एका संज्ञेखाली एकत्र आणले आहे. तुर्गेनेव्हच्या १८५० मधील ‘एका निरुपयोगी माणसाची रोजनिशी’ या कृतीमुळे ही संज्ञा रूढ झाली. बुद्धिमान, संवेदनशील, बहुश्रुत, परंतु कोणतेही काम तडीस नेण्यास असमर्थ असा हा माणूस. त्याच्या या असमर्थतेची कारणमीमांसा साधारणपणे दोन प्रकारे केली जाते. एक तर ती स्वभावदोष मानली जाते, किंवा झारशाहीच्या दडपशाहीने कर्तृत्वाला वाव ठेवला नव्हता असे सांगितले जाते. या दोन्ही उपपत्तींत तथ्य आहे. परंतु स्वतः लेखकांनी पुन्हा पुन्हा ज्या गोष्टीकडे बोट दाखविले आहे ती त्यांतून निसटते. ती गोष्ट म्हणजे उमरावपुत्रांचे शिक्षण. हे शिक्षण कोणत्या हेतूने, कोणत्या रीतीने व कोणाच्या श्रमांवर दिले जात होते, आणि त्याचा कादंबरीतील नायकाच्या घडणीशी कोणता संबंध पोहोचतो, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

२. शिक्षण : राज्यसेवेची पूर्वअट

रशियातील उमराववर्गाचे आधुनिक शिक्षण हे त्या वर्गाने स्वेच्छेने स्वीकारलेले नव्हते. ते राजाज्ञेने सुरू झाले. पीटर पहिला याला नौदल, तोफखाना आणि प्रशासन यांसाठी प्रशिक्षित माणसे हवी होती. १७०१ मध्ये त्याने मॉस्को येथे गणित व नौकानयनाचे विद्यालय स्थापन केले आणि १७१५ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे नौदल अकादमी उभारली. १७१४ च्या आज्ञेने उमरावांच्या मुलांना अंकगणित व भूमितीची मूलतत्त्वे शिकणे सक्तीचे झाले. हे शिक्षण पुरे केल्याचा दाखला नसेल तर त्या तरुणाचे लग्न लावू नये, असे धर्मोपदेशकांना बजावण्यात आले होते. भूमिती येत नाही म्हणून विवाह रोखणाऱ्या या आज्ञेवरून शिक्षणाकडे पाहण्याची राज्यसंस्थेची दृष्टी पुरेशी स्पष्ट होते.

१७२२ मध्ये ‘पदश्रेणीचा तक्ता’ जारी झाला. लष्करी, मुलकी आणि दरबारी सेवेची चौदा श्रेणींत विभागणी करून माणसाची प्रतिष्ठा त्याच्या सेवेतील पायरीशी बांधण्यात आली. यापुढे शिक्षणाचे मोल ते किती वरच्या पायरीवर नेऊन सोडते यावर ठरू लागले. सेवेत अद्याप दाखल न झालेल्या उमरावपुत्राला प्रशासकीय भाषेत ‘नेदोरोस्ल’, म्हणजे पुरता न वाढलेला, असे म्हणत. १७३७ च्या आज्ञेनुसार अशा मुलांना ठरावीक वयांत सरकारी तपासणीसाठी हजर करून त्यांच्या अभ्यासाची परीक्षा घेतली जाई. फोन्विझिनच्या १७८२ मध्ये रंगभूमीवर आलेल्या नाटकाने हाच प्रशासकीय शब्द शीर्षक म्हणून घेतला. मित्रोफान या त्यातील मठ्ठ मुलामुळे तो शब्द पुढे रशियन भाषेत अडाणी, लाडावलेल्या तरुणासाठीच वापरला जाऊ लागला. सरकारी दप्तरातील एका शब्दाचा नाटकाने केलेला हा अर्थपालट शिक्षणाच्या हेतूविषयीचा असंतोषही व्यक्त करतो.

तिसऱ्या पीटरच्या १७६२ च्या जाहीरनाम्याने उमरावांना सक्तीच्या सेवेतून मुक्त केले आणि कॅथरिन दुसरीच्या १७८५ च्या सनदेने त्यांचे विशेषाधिकार पक्के केले. तथापि, सेवेची सक्ती गेली तरी सेवेची प्रतिष्ठा गेली नाही. मुलाला गणवेश मिळावा, श्रेणी मिळावी, ही आकांक्षा पूर्ववत राहिली. अर्भकाचे नाव गार्ड पलटणीत नोंदवून ठेवण्याची प्रथा याच आकांक्षेतून आली. मूल वाढत असता त्याची सेवेची वर्षेही कागदावर वाढत जात. ग्रिन्योव्ह आईच्या पोटात असतानाच त्याचे नाव पलटणीच्या पटावर चढते, हा पुश्किनचा विनोद वस्तुस्थितीपासून फारसा दूर नव्हता.

३. घरातील शिक्षण : दोन भाषा, दोन माणसे

राज्यसंस्थेने हेतू निश्चित केला, परंतु बहुतेक मुलांचे प्रारंभीचे शिक्षण घरीच होत असे. या शिक्षणाचे दोन टप्पे होते आणि ते दोन वेगळ्या भाषांत घडत.

पहिला टप्पा दाईच्या कुशीत. ‘न्यान्या’ ही दाई बहुधा भूदास स्त्री असे. तिच्याकडून मूल रशियन बोलावयास, प्रार्थना म्हणावयास आणि लोककथा ऐकावयास शिके. मुलगा थोडा मोठा झाला की तो ‘द्याद्का’च्या हाती सोपविला जाई. हा शब्द मुळात काकासाठी असलेल्या शब्दाचे लाडिक रूप होय; प्रत्यक्षात मात्र हा वडीलधारा सेवक मालकाच्या मालमत्तेचाच भाग असे. ग्रिन्योव्हला बाराव्या वर्षापर्यंत रशियन लिहावा-वाचावयास आणि शिकारी कुत्र्यांची पारख करावयास शिकविणारा सावेलिच हा साहित्यातील सर्वांत प्रसिद्ध द्याद्का आहे. पुश्किनच्या स्वतःच्या आयुष्यात दाई आरिना रोदिओनोव्हना आणि सेवक निकिता कोझलोव्ह यांचे स्थान असेच होते. १८३७ मध्ये द्वंद्वात जखमी झालेल्या पुश्किनला गाडीतून उचलून घरात नेणारा हाच निकिता होता.

दुसरा टप्पा परदेशी शिक्षकाचा. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मन आणि उत्तरार्धापासून मुख्यतः फ्रेंच शिक्षक उमरावांच्या घरी ठेवले जाऊ लागले. त्यांच्यातील अनेकांपाशी कोणतीही पात्रता नव्हती. फोन्विझिनच्या नाटकातील जर्मन शिक्षक पूर्वाश्रमीचा गाडीवान निघतो. हा प्रकार इतका वाढला होता की, १७५७ मध्ये एलिझाबेथच्या शासनाला परदेशी शिक्षकांची परीक्षा घेण्याचा आदेश काढावा लागला. ती विज्ञान अकादमीने किंवा नुकत्याच, १७५५ मध्ये, स्थापन झालेल्या मॉस्को विद्यापीठाने घ्यावयाची होती. मात्र विद्यापीठाशी संलग्न शाळेची स्थितीही फारशी वेगळी नव्हती. फोन्विझिनने आपल्या आत्मकथनात तेथील एका परीक्षेची हकीकत सांगितली आहे. लॅटिनच्या शिक्षकाच्या अंगरख्याला पाच आणि आतल्या बंडीला चार गुंड्या होत्या. नामांच्या पाच विभक्तिगटांसाठी अंगरख्याच्या आणि क्रियापदांच्या चार गणांसाठी बंडीच्या गुंडीला तो हात लावी, आणि विद्यार्थी त्यावरून उत्तर देत. भूगोलाच्या परीक्षेत मात्र असा संकेत नव्हता. व्होल्गा नदी कोणत्या समुद्राला मिळते या प्रश्नावर दोघांनी दोन चुकीचे समुद्र सांगितले. फोन्विझिनने आपल्याला ठाऊक नसल्याचे प्रांजळपणे सांगितले आणि पदक त्यालाच मिळाले.

तथापि, प्रहसनातील शिक्षकांवरून संपूर्ण चित्र रेखाटणे अन्यायाचे होईल. श्रीमंत घराण्यांत येणारे काही शिक्षक युरोपीय प्रबोधनाचे खरे प्रतिनिधी होते. अलेक्झांडर पहिला याचा शिक्षक स्विस प्रजासत्ताकवादी ला आर्प होता. काउंट पावेल स्ट्रोगानोव्हचा शिक्षक जिल्बेर रोम हा पुढे फ्रेंच क्रांतीच्या अधिवेशनाचा सभासद झाला. सोळाव्या लुईच्या देहान्ताच्या बाजूने त्याने मत दिले आणि क्रांतीच्या दिनदर्शिकेच्या रचनेत त्याचा प्रमुख वाटा होता. आपल्या शिष्याला त्याने पॅरिसला नेले. १७९० मध्ये रशियातील अत्यंत धनाढ्य घराण्याचा हा वारस जॅकोबिन मंडळाच्या सभांना बसू लागला, तेव्हा कॅथरिनने त्याला तातडीने परत बोलावून घेतले. क्रांतीनंतर देशोधडीला लागलेले फ्रेंच सरदार व धर्मगुरू रशियात आले आणि शिक्षकांत राजनिष्ठांचीही भर पडली. अशा रीतीने फ्रान्समधील दोन्ही पक्ष रशियन वाड्यांतील अभ्यासाच्या खोल्यांत येऊन पोहोचले.

अभ्यासक्रमात फ्रेंच, थोडे गणित, इतिहास, भूगोल, चित्रकला, तलवारबाजी आणि अश्वारोहण यांचा समावेश असे. नृत्याला विशेष महत्त्व होते. सांस्कृतिक चिन्हमीमांसेचे अभ्यासक यूरी लोटमन यांनी दाखविल्याप्रमाणे, लहान वयापासून दिले जाणारे नृत्याचे कठोर प्रशिक्षण देहाला आत्मविश्वास देई. चारचौघांत सहज वावरणे हीच उमरावपणाची खूण होती. लोटमन यांचा आणखी एक सिद्धान्त येथे उपयुक्त ठरतो. पीटरनंतरच्या उमरावाला आपल्याच देशात परकीयाप्रमाणे वागणे शिकावे लागले. त्याचे दैनंदिन वर्तन रंगभूमीवरील भूमिकेसारखे झाले. शेतकऱ्याला जे वर्तन उपजत लाभत होते, ते उमरावाला शिक्षकाकडून शिकावे लागत होते.

या दोन टप्प्यांमधील नाते मात्र समतेचे नव्हते. १७१७ मध्ये पीटरच्या आज्ञेने प्रसिद्ध झालेल्या ‘यौवनाचा प्रामाणिक आरसा’ या शिष्टाचारपुस्तिकेत तरुणांना आपसात परकीय भाषेत बोलण्याचा उपदेश केला आहे. त्याने भाषेचा सराव होईल, नोकरचाकरांना मालकांची गुपिते कळणार नाहीत आणि अडाण्यांहून आपले वेगळेपण दिसून येईल, अशी कारणेही दिली आहेत. परकीय भाषेचे हे तिहेरी प्रयोजन पुढील शतकभर टिकून राहिले. ज्या भाषेत मुलाला पहिली माया मिळाली, ती भाषा पुढे त्याच्या दृष्टीने नोकरांशी बोलण्याची, हुकूम देण्याची भाषा झाली; आणि विचार, शिष्टाचार व प्रेमपत्रे यांची भाषा दुसरीच ठरली.

४. संस्थांतील शिक्षण : आज्ञा आणि विचार

घरच्या शिक्षणाला पर्याय म्हणून राज्याने निवासी संस्था उभारल्या. १७३१ मध्ये स्थापन झालेल्या उमरावांच्या कॅडेट कोअरमध्ये लष्करी विषयांबरोबर भाषा, नृत्य व नाट्यप्रयोग यांनाही स्थान होते. नाटककार सुमारोकोव्ह याच संस्थेतून बाहेर पडला. कॅथरिनचा सल्लागार बेत्स्कोय याने १७६६ च्या नियमावलीने तिचे रूप पालटले. पाच-सहा वर्षांच्या मुलांना आईवडिलांपासून तोडून पंधरा वर्षे संस्थेत ठेवावयाचे आणि त्यांतून ‘नव्या जातीची माणसे’ घडवावयाची, असा हा प्रकल्प होता. पालकांना मूल परत मागणार नाही असे लिहून द्यावे लागे. घरातील वातावरणात, विशेषतः भूदासांवरील सत्तेच्या वातावरणात, मूल बिघडते हे त्यामागील गृहीतक महत्त्वाचे आहे. ज्या सत्ताधीशांनी भूदासप्रथा अधिक घट्ट केली, त्यांनाच आपल्या अधिकाऱ्यांची मुले त्या प्रथेपासून दूर वाढवावीत असे वाटत होते.

या प्रयोगांचा सर्वांत विख्यात आविष्कार म्हणजे त्सार्स्कोये सेलो येथील लिसेयम. १९ ऑक्टोबर १८११ रोजी राजवाड्याच्या एका भागात ३० मुलांना घेऊन ते सुरू झाले. सहा वर्षांच्या अभ्यासक्रमात मुलांना घरी जाण्याची अनुमती नव्हती. मात्र शारीरिक शिक्षेला पूर्ण मज्जाव होता, आणि त्या काळी हे अपवादात्मक होते. कुनीत्सिन हा नैसर्गिक हक्कांचे तत्त्वज्ञान शिकवी. फ्रेंचचा अध्यापक द बूद्री हा क्रांतिकारक मारा याचा सख्खा भाऊ होता. या संस्थेचा घोषित हेतू उच्च राज्यसेवेसाठी अधिकारी घडविणे हाच होता. उत्तीर्ण विद्यार्थ्यांना गुणवत्तेनुसार चौदाव्यापासून नवव्या श्रेणीपर्यंत प्रवेश मिळे. १८१७ च्या पहिल्या तुकडीतून पुश्किन दहाव्या श्रेणीत बाहेर पडला. त्याच तुकडीतील गोर्चाकोव्ह पुढे साम्राज्याचा परराष्ट्रमंत्री झाला, तर पुश्चिन व क्यूखेलबेकर हे १८२५ च्या डिसेंबर उठावात सहभागी होऊन सैबेरियात गेले. एकाच वर्गातून मंत्री, बंडखोर आणि कवी निघावेत, यात त्या शिक्षणाची दुहेरी प्रकृती प्रकट होते. हेतू आज्ञापालनाचा होता, पण आशय स्वतंत्र विचाराचा होता.

ही विसंगती लिसेयमपुरती नव्हती. राडिश्चेव्हला कॅथरिननेच राज्याच्या खर्चाने लाइपझिगला कायदा शिकण्यासाठी धाडले होते. १७९० मध्ये भूदासांच्या हलाखीचे दर्शन घडविणारे त्याचे प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले तेव्हा तिनेच त्याला सैबेरियात धाडले. मुराव्योव्ह-आपोस्तोल बंधूंचे बालपण पॅरिसमध्ये गेले. ते रशियाच्या सीमेवर पोहोचले तेव्हा, ज्या देशात आपण चाललो आहोत तेथे गुलाम आहेत, ही गोष्ट आईने त्यांना प्रथमच सांगितली, अशी आठवण त्यांच्यातील मात्वेय याने नोंदविली आहे. मुलांच्या आयुष्यातील एवढे मोठे सत्य त्यांच्या शिक्षणातून वगळले गेले होते. त्यांच्यातील सेर्गेय याला १८२६ मध्ये फाशी देण्यात आले.

५. डिसेंबर उठावानंतर

उठावानंतर नेमलेल्या चौकशी समितीने कैद्यांना विचारलेल्या प्रश्नांत, तुमचे शिक्षण कोठे व कोणाकडून झाले, हाही प्रश्न होता. शिक्षण आता राज्यसेवेच्या पूर्वअटीबरोबरच संशयाचाही विषय बनले. निकोलस पहिला याने १८२६ मध्ये पुश्किनला लोकशिक्षणाविषयी टिपण लिहावयास सांगितले. त्या टिपणात पुश्किनने घरच्या शिक्षणावर कठोर टीका केली. भोवती केवळ भूदास, दृष्टीस पडतात ती मनमानीची वा लाचारीची उदाहरणे. अशा स्थितीत मुलाला न्यायाची, परस्परसंबंधांची वा खऱ्या प्रतिष्ठेची कल्पना कशी यावी, असा त्याचा आशय होता. झारने टिपणातील ज्ञानप्रसारावरील भर धोकादायक ठरविला आणि नीतिमत्ता व परिश्रमपूर्वक सेवा यांना ज्ञानापेक्षा श्रेष्ठ स्थान दिले. राज्यसंस्था आणि तिनेच घडविलेला कवी यांच्यातील हा संवाद म्हणजे या विषयाचे सार होय.

पुढील आज्ञा याच धोरणाला अनुसरून निघाल्या. १८३१ मध्ये दहा ते अठरा या वयातील मुलांना रशियातच शिकविले पाहिजे, अन्यथा राज्यसेवेचा हक्क जाईल, असे ठरले. १८३४ मध्ये घरच्या शिक्षकांनाही नियमांच्या कक्षेत आणले गेले. १८३५ मध्ये विधिविद्यालय स्थापन झाले. संगीतकार चायकोव्स्की तेथेच शिकला. तरीही शिक्षकांच्या द्वारे येणारा विचारांचा ओघ थांबला नाही. हेर्झेनच्या घरी शिकवावयास येणाऱ्या वृद्ध फ्रेंच शिक्षकाने त्याला सोळाव्या लुईला देशद्रोहाबद्दल देहान्त मिळाला असे निःशंकपणे सांगितले होते. क्रोपॉटकिनच्या घरचा फ्रेंच शिक्षक पूलँ हा नेपोलियनच्या सैन्यातून मागे राहिलेला होता. त्याने सांगितलेल्या मीराबोच्या पदवीत्यागाच्या गोष्टीवरून लहान पीटरने आपल्या सहीतून ‘प्रिन्स’ ही उपाधी काढून टाकली.

क्रोपॉटकिनच्या आत्मचरित्रातील दुसरा एक प्रसंग या संपूर्ण व्यवस्थेवर प्रखर प्रकाश टाकतो. वडिलांच्या क्रोधामुळे मकार नावाच्या भूदास सेवकाला पोलीस ठाण्यावर पाठवून शंभर फटके देण्यात आले. तो परतला तेव्हा रडणाऱ्या मुलाने अंधाऱ्या बोळात त्याला गाठून त्याचा हात चुंबण्याचा प्रयत्न केला. मकारने हात हिसडून घेतला आणि मोठा झाल्यावर तूही असाच होणार नाहीस काय, असे विचारले. हा प्रश्न कोणत्याही शिक्षकाने घातलेल्या प्रश्नापेक्षा अवघड होता. फ्रेंच धड्यांतून मुलाला समतेची कल्पना मिळाली होती. तिची परीक्षा त्याच्याच घरातील बोळात झाली.

६. कादंबरीची साक्ष आणि तिच्या मर्यादा

येथवर इतिहास, आत्मकथने आणि कादंबऱ्या यांचा एकत्र आधार घेतला आहे. या साधनांच्या विश्वासार्हतेचा प्रश्न टाळता येत नाही. अँड्र्यू वाख्टेल यांनी १९९० मधील ग्रंथात असे प्रतिपादन केले की, टॉलस्टॉयचे ‘बालपण’ (१८५२) आणि अक्साकोव्हचे ‘बाग्रोव्ह नातवाच्या बालपणीची वर्षे’ (१८५८) यांनी उमरावांच्या सुखी बालपणाचा एक साचा तयार केला आणि पुढील आत्मचरित्रकारांनी आपल्या आठवणीही त्या साच्यात ओतल्या. गॉर्कीचे ‘बालपण’ हे त्या साच्याला दिलेले प्रत्युत्तर होय. तेव्हा मायाळू दाई, भोळा जर्मन शिक्षक आणि वाड्याभोवतालची बाग ही चित्रे सरसकट पुरावा म्हणून स्वीकारता येत नाहीत. जमीनदारांतील बहुसंख्य लहान उमरावांना परदेशी शिक्षक परवडतही नव्हता, आणि त्यांच्या बालपणाची साक्ष साहित्यात फारच थोडी उरली आहे.

दुसरा आक्षेप भाषेविषयीचा आहे. इतिहासकार मार्क रेफ यांनी १९६६ मधील ग्रंथात, पाश्चात्त्य शिक्षणाने उमराव आपल्या भूमीपासून तुटला आणि या परात्मतेतूनच रशियन बुद्धिजीवी वर्ग जन्मला, असा सिद्धान्त मांडला. याउलट ऑफर्ड, र्झेउत्स्की आणि आर्जेंट यांच्या २०१८ मधील संशोधनाने, रशियन उमराव सहजपणे बहुभाषिक होता आणि फ्रेंचमुळे तो स्वत्व गमावून बसला ही कल्पना बऱ्याच अंशी साहित्यानेच रुजविली, असे दाखविले आहे. हा आक्षेप मान्य करावयास हवा. ज्या पिढीला लिसेयममध्ये ‘फ्रेंचमन’ असे टोपणनाव मिळालेला पुश्किन लाभला, त्या पिढीची मातृभाषा दुबळी होती असे म्हणता येणार नाही.

परंतु या आक्षेपाने मूळ प्रश्न निकालात निघत नाही. तो अधिक नेमका होतो. परकीय भाषा किती येत होती यापेक्षा कोणती भाषा कोणाशी बोलावयाची याची वाटणी अधिक निर्णायक होती. फ्रेंचमध्ये मुलाने स्वातंत्र्य, निसर्गसिद्ध हक्क, सन्मान हे शब्द शिकावेत आणि रशियनमध्ये माणसांना हाक मारून कामास लावावे, या विभागणीत शिक्षणाची खरी गाठ आहे. जे शिकविले जात होते त्याचे खंडन शिकविण्याच्या खोलीबाहेरच उभे होते; किंबहुना त्या खोलीतील शिक्षकाचे वेतनही भूदासांच्या श्रमांतूनच येत होते.

या दृष्टीने पाहिल्यास कादंबरीतील शिक्षणविषयक तपशील अर्थपूर्ण होतात. लाव्रेत्स्कीचा पिता ज्ञानकोशकारांच्या फ्रेंच शिष्याकडून शिकला. सारे ज्ञान त्याच्या डोक्यात साठले, पण रक्तात उतरले नाही. पुढे इंग्लंडचा भक्त होऊन परतल्यावर त्याने मुलाला स्कॉटिश पोशाख चढविला, पहाटे उठवून थंड पाण्याने न्हाऊ घातले, संगीत वर्ज्य केले आणि रूसोच्या सल्ल्याप्रमाणे सुतारकाम शिकविले. पुत्राच्या पिंडाचा वा भोवतालच्या जीवनाचा विचार त्यात कोठेच नव्हता. त्यामुळे मुलगा तेविसाव्या वर्षी मोकळा झाला तो बलदंड शरीर आणि जगण्याविषयीचे घोर अज्ञान घेऊन. ओब्लोमोव्हकाच्या वाड्यात याच्या नेमके उलट घडते. तेथील आईवडिलांना मुलाने शिकावे असे वाटत नाही. शिक्षणाने मिळणाऱ्या श्रेणी आणि पदके मात्र हवी असतात. स्वतःचे मोजे स्वतः चढविण्याची वेळ ज्याच्यावर कधी येत नाही, त्याचे हात पुढे पत्राचे उत्तर लिहावयासही उठत नाहीत. ही दोन टोके असली तरी त्यांचे मूळ एकच आहे. दोन्ही ठिकाणी काम करणारे हात दुसऱ्याचे आहेत, आणि म्हणून शिक्षणाला कामाशी नाते जोडता येत नाही.

टॉलस्टॉयने या प्रश्नाचा विचार सर्वांत दीर्घकाळ केला. फ्रेंच शिक्षक सँ-तोमा याने लहानपणी त्याला कोंडून छडीची धमकी दिली होती. त्या अपमानाची छाया ‘किशोरावस्था’ (१८५४) या पुस्तकावर पडली आहे. ‘यौवन’ (१८५७) मध्ये त्याने फ्रेंच उच्चार, नखे, नमस्काराची ढब यांवरून माणसांचे मोल ठरविणाऱ्या तरुणाचे निर्दय आत्मपरीक्षण केले. १८४४ मध्ये त्याने काझान विद्यापीठात प्रवेश घेतला, पण पदवी न घेताच १८४७ मध्ये ते सोडले. १८५९ मध्ये यास्नाया पोल्याना येथे त्याने शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढली. तेथे शिक्षा नव्हती आणि येण्याजाण्याची सक्तीही नव्हती. ‘युद्ध आणि शांती’ची सुरुवात त्याने फ्रेंच संभाषणाने केली, ती याच अनुभवाच्या पार्श्वभूमीवर. १८७३ च्या आवृत्तीत त्याने ती फ्रेंच रशियनमध्ये आणून पाहिली. परंतु पुढील काळात फ्रेंच संवाद असलेला पाठच पुन्हा रूढ झाला.

७. समारोप

१८६१ मध्ये भूदासप्रथा नष्ट झाली आणि उमरावपुत्रही हळूहळू इतरांच्या बरोबरीने सरकारी व खाजगी शाळांतून शिकू लागले. १८९९ मध्ये जन्मलेला नाबोकोव्ह हा या परंपरेचा जणू शेवटचा साक्षीदार. रशियनच्या आधी तो इंग्रजी वाचावयास शिकला. आपल्या मुलांना मातृभाषा लिहितावाचता येत नाही हे वडिलांच्या ध्यानात आले, तेव्हा गावातील शाळामास्तराला शिकवणीसाठी बोलाविण्यात आले. पुढे क्रांतीने परागंदा झालेला हाच लेखक इंग्रजी कादंबरीकार म्हणून जगप्रसिद्ध झाला. १९१७ च्या अखेरीस सामाजिक श्रेणी आणि पदव्या कायद्याने रद्द झाल्या होत्या.

मराठी वाचकाला रशियन कादंबरी बहुधा इंग्रजीच्या माध्यमातून भेटली आहे. अनेक इंग्रजी अनुवादांत मूळ फ्रेंच संवाद इंग्रजीतच आणले असल्यामुळे पात्र कोणत्या क्षणी कोणत्या भाषेत बोलते हा भेद पुसला जातो, आणि त्यावरून केलेल्या मराठी भाषांतरांत तर त्याचा मागमूसही उरत नाही. हा भेद पुसला की ‘निरुपयोगी माणूस’ केवळ आळशी वा उदास वाटू लागतो. त्याच्या शिक्षणाचा इतिहास जवळ ठेवून वाचल्यास मात्र असे ध्यानात येते की, हा माणूस अर्धवट शिकलेला नव्हता. त्याला जे शिकविले गेले ते खरे मानण्याची किंमत त्याच्या स्वतःच्या घराने फेडावी लागली असती. काहींनी ती फेडली आणि ते सैबेरियात गेले. बहुतेकांना ते जमले नाही. त्या न जमण्याची प्रामाणिक नोंद त्याच वर्गातील लेखकांनी केली, आणि दाईकडून व द्याद्काकडून प्रथम कानी पडलेल्या भाषेत केली, हे त्या शिक्षणाचे कोणीही न योजिलेले फळ होय.